पाइपावरची रेघ

डिशचा नट पुरता ढिला केला, दोन्ही हातांनी तिची कड धरून ती उजवीकडे फिरवली आणि मग मला ती रेघ दिसली. लाल ऑइलपेंटची, काडीने ओढावी तेवढी बारीक. वर क्लँपवर सुरू होऊन तशीच खाली पाइपावर उतरलेली. म्हणजे मघापर्यंत उतरलेली. आता वरचा तुकडा एकीकडे होता आणि खालचा बोटभर बाजूला. श्रावणातली बुरबुर चालू होती, ओढणी कमरेला खोचलेली, चष्म्यावर थेंब, हातात तेरा नंबरचा पाना. खालून आईने विचारलं, "आलं का गं काही?" खरं तर हे मी तिला विचारायचं, टीव्ही तिच्यासमोर होता. मी काहीच बोलले नाही.

रेघ अण्णांची होती. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

गुरुवारी आईचा फोन आला होता. आधी टीव्हीत मधेच चौकटी-चौकटी व्हायच्या, बातम्या देणारीचं तोंड फुटायचं, आवाज अडखळायचा. आता नुसतं 'नो सिग्नल'. शेजारच्या काकांनी अंगणातूनच मान वर करून निदान केलं होतं, "वाऱ्यानं डिश हालली असंल." आणि मी पुण्यात बसून ते खरं मानलं. टीव्ही बंद पडला की सगळ्यांचा संशय आधी डिशवर जातो, कारण अख्ख्या प्रकारात काहीतरी करते आहे असं दिसणारी तेवढी एकच गोष्ट असते. बॉक्स कपाटात गप्प बसलेला, वायर भिंतीवर लोंबकळलेली. त्यांच्यावर कोण कशाला आळ घेईल? शनिवारी सकाळची एसटी पकडली. चाकणला गाडी नेहमीप्रमाणे अडकली, तेवढ्यात डिश कशी सेट करावी याचे तीन व्हिडिओ बघून झाले. नारायणगावला उतरले तेव्हा टोमॅटोच्या क्रेटांनी अर्धा रस्ता अडवला होता आणि पावसात भिजलेल्या मालाचा आंबूस वास सुटला होता. मला सगळं समजलेलं होतं. पाना तेवढा काकांकडून मागून घ्यायचा होता.

आमच्याकडची डिश दूरदर्शनची, फुकटवाली. तिचा उपग्रह जीसॅट-१५, पूर्व रेखांश ९३.५ वर, म्हणजे विषुववृत्तावर सुमात्राच्या अलीकडे, समुद्राच्या डोक्यावर उभा. आमच्या स्लॅबवरून तो बरोबर आग्नेयेला येतो आणि क्षितिजापासून साधारण ५८ अंश वर. गावातल्या सगळ्याच डिश, कंपनी कुठलीही असो, थोड्याफार फरकाने आग्नेयेकडे तोंड करून असतात. वास्तुशास्त्रवाले त्या दिशेला चूल मांडतात, आपण डिश मांडतो. परक्या गावात रात्री दिशा हरवली तर वर छपराकडे बघावं, मंदिराच्या कळसापेक्षा डिश जास्त खात्रीने सांगते. पण हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात मोबाइलमधलं होकायंत्र लोखंडी पाइपाशेजारी नेलं की वेड्यासारखं गरगरतं. आणि डिश वाटते तिकडे बघत नसते. तिचा पत्रा समोरच्या लिंबाच्या झाडाकडे रोखल्यासारखा दिसतो, पण तिची नजर त्याच्या कितीतरी वर, आभाळात असते, कारण एलएनबी, म्हणजे सिग्नल गोळा करणारी ती पांढऱ्या टोपीची डबी, मधोमध नसतो, खालून पुढे आलेल्या दांडीवर असतो. पहिला तासभर मी तिला माझ्या डोळ्यांना बरोबर दिसेल अशी उचलत बसले. त्या उंचीला आभाळाशिवाय काहीही नव्हतं.

मग ते दोन आकडे. बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या दिसतात, एक स्ट्रेंग्थची, एक क्वालिटीची. स्ट्रेंग्थ ८० बघून मी खालून वर, वरून खाली पळत आनंदाने ओरडले होते. नंतर कळलं, एलएनबीला वीज पोचली की स्ट्रेंग्थ आपोआप दिसते, डिश भिंतीकडे वळवली तरी. खरी ती दुसरी पट्टी, आणि ती शून्यावर. आणि क्वालिटी लागली तरी ती आपल्याच उपग्रहाची असेल असं नाही. दीडच अंश पलीकडे, ९५ अंशांवर, दुसरे उपग्रह बसलेले आहेत. आमच्या दीड इंची पाइपावर एक अंश म्हणजे अर्धा मिलिमीटरही नाही. इथे तेवढं चुकलं की तिकडे, ३६,६०० किलोमीटरवर, शेकडो किलोमीटर चुकतं. आणि बॉक्स बिचारा मंद, सिग्नल सापडला तरी ओळखायला दोन-तीन सेकंद घेतो. म्हणून डिश फिरवायची नसते. हलकेच सरकवायची, थांबायचं, चार आकडे मोजायचे, परत सरकवायची. मी फिरवत होते.

लहानपणी हे काम घरात तिघांचं होतं. पुण्याचं दूरदर्शन तेव्हा सिंहगडावरून यायचं. आमच्यापासून तो दक्षिणेला, मधे अख्खं पुणं, त्यामुळे अँटेनाला उंच बांबू आणि खाली बूस्टर. अण्णा वर, आई टीव्हीपाशी, आणि मी जिन्याच्या मधल्या पायरीवर, कारण खालचा आवाज वर पोचायचा नाही. आई म्हणायची, "मुंग्या कमी झाल्या," मी ओरडायचे, "मुंग्या कमी!" अण्णा थांबायचे. "दोन-दोन माणसं दिसतायत!" अण्णा उलटं वळवायचे. मी माझं काहीही मिसळायचं नाही अशी सक्त ताकीद होती. एकदा मराठी चित्रपट सुरू व्हायची वेळ झाली म्हणून मुंग्या असतानाच मी "चांगलं आलं!" असं वर कळवलं होतं. अण्णा खाली आले, पडदा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता पुन्हा जिना चढले. त्या मुंग्यांची आता मला आठवण येत होती. त्या कमी-जास्त व्हायच्या. जवळ आलात, लांब गेलात, हे सांगायच्या. चित्र निम्मं जरी आलं तरी निम्मं दिसायचं आणि आम्ही ते दोन-दोन वर्षं निम्मंच बघायचो. आताचा टीव्ही एक तर लख्ख असतो नाही तर नसतोच. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि त्यात आपण किती चुकलो याचा काही पत्ता नाही.

अण्णा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. आर्वीचं विक्रम भूकेंद्र आमच्या जवळच. १९७१ पासून परदेशी जाणारे फोन तिथल्या मोठ्या थाळीतून आभाळात जायचे, आणि त्या थाळीशी आपलंही दूरचं नातं आहे अशी अण्णांची समजूत होती. माझ्या डोळ्यांसमोर मात्र खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या डिश वाढल्या. स्लॅबवर उभं राहिलं की शेतांच्या पलीकडे त्यांच्या जाळ्या दिसतात. एकेक ४५ मीटरची, एकूण ३०, त्यातल्या १४ मधल्या मोकळ्या जागेत गोळा झालेल्या आणि बाकीच्या तीन दिशांना लांबवर पांगलेल्या. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथे जत्रा भरल्यासारखी गर्दी असते. शाळांच्या गाड्या, पोरांचे प्रयोग, भेळ. अण्णा मला दर वर्षी न्यायचे आणि तीच एक गोष्ट दाखवायचे, की एवढ्या मोठ्या थाळीचा पत्रा नाहीच, नुसती तारांची जाळी आहे, वारा आरपार जातो. "लांब लाटेला भोकं दिसत नाहीत," ते म्हणायचे. घरच्या डिशला येणारी लाट अडीच-पावणेतीन सेंटिमीटरची, खोडदला येते ती वीतभरापासून पुरुषभर. म्हणूनच पावसाच्या जाड थेंबाला घरचा टीव्ही घाबरतो. मुसळधार पाऊस आला की आई मालिकेचा नाद सोडून भाकऱ्या थापायला उठते, त्यात तिला तक्रार वाटत नाही. वादळी वारा सुटला की खोडदच्या थाळ्या सगळ्या कामं सोडून तोंडं आभाळाकडे करतात. लहानपणी मला वाटायचं, त्या पाऊस पितात.

अण्णांना खुणा करायचा नाद होता. सिलेंडरवर लावल्याची तारीख, मोटारीच्या स्टार्टरवर बाण, कुठल्या खोलीचा फ्यूज कुठला ते खडूने. बॉक्समागच्या भिंतीवर पेन्सिलने लिहिलेलं होतं, "११०९० V २९५०० – क्वालिटी ७२." चॅनल शोधायला बॉक्सला लागतं ते सगळं त्यात होतं, फ्रिक्वेन्सी, पोलरायझेशन, सिंबल रेट. खाली अजून एक ओळ होती. तिच्यावरून गेल्या दिवाळीत रंगाऱ्याचा चुन्याचा हात फिरला. तेव्हा मी घरीच होते. मीच म्हणाले होते, भिंत एकसारखी दिसू दे.

डिश त्यांनी बसवल्यावर मधल्या काळात वरचा उपग्रह बदलला होता. आधी तिथे इन्सॅट-४बी होता, मग २०१५च्या नोव्हेंबरात फ्रेंच गयानातून जीसॅट-१५ गेला आणि त्याच जागेवर उभा राहिला, पहारेकरी बदलावा तसा. अण्णांना फक्त चॅनल पुन्हा शोधावे लागले. डिशला हात लावावा लागला नाही, याचा त्यांना केवढा अभिमान! जसा काही उपग्रह त्यांच्या रेघेवर आणून ठेवला होता.

रविवारी सकाळी पाऊस थांबला. मी डिश सोडून वायर धरली आणि एलएनबीपाशी गेले. तिथला कनेक्टर हाताने फिरवायचा तर फिरेना, पकडीने काढला. आतून थेंबभर पाणी गळलं. तांब्याची तार हिरवी पडली होती, टोकाला काळी, आणि तिच्याभोवतीच्या जाळीचं ओलं पीठ झालं होतं. एलएनबीच्या मागच्या खाचेत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, ते पावसात विरघळून कनेक्टरवर उतरलं होतं. वायरीला तिथे खाली झोळ दिलेला होता, पाणी वायरीवरून घरंगळत आत शिरू नये म्हणून. पण तो झोळ कधीतरी कुणीतरी आवळून नीटनेटका बांधून टाकला होता. आईला विचारलं नाही.

आधी जोड बघायचा, मग खांब बघायचा. हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! पावसाळ्यात फोन बंद पडले की लोक अण्णांना सांगायचे, खांब वाकलाय, तिकडे झाड पडलंय. अण्णा सायकलवरून आधी डबा उघडायला जायचे. दहातल्या नऊ वेळा जोडावर गंज असायचा. मी बोटाएवढी वायर कापली, आतली तार लख्ख होती. वीस रुपयांचा नवा कनेक्टर चौकातून आणला, बसवला, वर टेप गुंडाळला, पुन्हा झोळ सोडला. सगळे मिळून पंधरा मिनिटं. आदल्या दिवशी दुपारी दोनला हे केलं असतं तर चहाच्या वेळेला टीव्ही लागला असता आणि मला ती रेघ आयुष्यात दिसली नसती.

पण आता जोड बरा होता आणि डिश हललेली होती. क्वालिटी शून्य.

मी डिश फिरवत रेघेवर आणली. वरचा लाल तुकडा खालच्या लाल तुकड्याला भिडला, तेव्हा मला हातांना घाम आलेला आठवतो. खाली पळाले. क्वालिटी ४४. चित्र आलं! आई टाळ्या वाजवायचीच बाकी होती. मला मात्र भिंतीवरचा ७२ दिसत होता. आडवी दिशा रेघेने परत दिली होती. उभी दिशा, म्हणजे डिश किती वर मान करून बघत होती, ती मी शनिवारी तासभर उचला-पाडी करून घालवली होती. तिच्यासाठी रेघ नव्हती. मागच्या पट्टीवर अंशांचे आकडे कोरलेले असतात, त्यातला त्यांचा आकडा भिंतीवरच्या दुसऱ्या ओळीत असणार, आणि ती ओळ चुन्याखाली. मी ओल्या फडक्याने चुना खरवडून बघितला. चुन्याबरोबर पेन्सिलही आली. "दिसतंय की चांगलं," आई म्हणाली, "आता कशाला त्याच्या मागे लागतेस?" आणि खरंच दिसत होतं. मी दुपारच्या गाडीने परत गेले.

तिला सांगितलं नाही. काय सांगणार होते?

सप्टेंबर संपता संपता एके दिवशी अकराच्या सुमारास तिचा फोन आला. "गेला बघ." मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून विचारतेय, बॉक्सवरचा दिवा लाल की हिरवा, तेवढ्यात तीच म्हणाली, "आला." दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तोच प्रकार. पाऊस नाही, ढग नाही, ऑक्टोबरचं कोरडं ऊन पडायला लागलेलं. "ह्यांच्या वेळेस असं कधी झालं नाही," ती सहज म्हणाली. तक्रार म्हणून नाही, पाऊस कमी झाला म्हणतात तसं. पण ते मला दिवसभर बोचत राहिलं, कारण ते खरं होतं आणि त्याचं कारण मला माहीत होतं. वर्षातून दोनदा, मार्चच्या मध्यापूर्वी आणि ऑक्टोबरच्या तोंडावर, काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येऊन उभा राहतो. आमच्याकडे तो अकराच्या आसपास तिथे असतो. उपग्रहाचा बारीक आवाज त्याच्या गोंगाटात काही मिनिटं बुडतो. नीट रोखलेली डिश हे बऱ्याचदा निभावून नेते, अण्णांची नेत होती. ४४ वर चालणारी माझी डिश निभावत नव्हती.

दोन ऑक्टोबरची सुट्टी होती. पहाटेच्या गाडीने गेले. आईला वाटलं, देव घासायला आले. घटस्थापना तोंडावर होती, तिने पितळेचं सगळं ओट्यावर काढून ठेवलं होतं, चिंचेचा वास सुटला होता. मी साडेदहाला स्लॅबवर गेले. खोडदच्या जाळ्या उन्हात पुसट, त्यांच्यामागे नारायणगड. इंटरनेटवर गावाचे अक्षांश-रेखांश टाकून वेळ काढली होती, अकराला सहा मिनिटं कमी. त्या वेळी सूर्याकडून येणारा उजेड आणि उपग्रहाकडून येणारी लाट एकाच वाटेने येतात. म्हणजे त्या वेळी डिशवर ज्या फांदीची सावली पडेल ती फांदी सिग्नलच्या आड येते, आणि पत्र्यावरून परतलेला उजेड जिथे गोळा होईल तिथे सिग्नलही गोळा होत असतो. मीटर नको, ॲप नको. डिशचा रंग राखाडी, खडबडीत, त्यामुळे आरशासारखा झगमगाट नव्हता, नुसता एक कोमट, पिवळट डाग. तो एलएनबीच्या तोंडावर नव्हता. तोंडाच्या खालच्या काठावर लागून निम्मा दांडीवर सांडला होता. डिश खाली बघत होती, फार नाही, दीड-दोन अंश.

नट अर्धाच ढिला केला. खालून आई ओरडली, "गेला!" "जाऊ दे," मी म्हटलं. त्या मिनिटांत आकडा विचारण्यात अर्थच नव्हता. तळहाताने पत्रा खालून जरासा वर लोटला आणि डाग काठावरून वर चढला. पुन्हा लोटला. त्याने एलएनबीची पांढरी टोपी सगळी व्यापली, कडेला थोडा आजूबाजूला पसरला. हात लावून बघितला, टोपी गरम लागली. मी नट आवळला, आवळताना पत्रा जरा खाली उतरतो म्हणून परत ढिला केला, मोहरीएवढा वर धरून परत आवळला. मग करण्यासारखं काही उरलं नाही. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून सूर्य पुढे सरकायची वाट बघत राहिले. जिन्यात मधल्या पायरीवर कुणी नव्हतं, त्यामुळे आईला अंगणात येऊन ओरडावं लागत होतं.

"आला!" आई म्हणाली.

"आकडा सांग. खालच्या पट्टीचा."

ती आत गेली, बाहेर आली. "सात आणि एक."

अण्णा असते तर त्या एका आकड्यासाठी जेवण थांबलं असतं. मी पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली, मरून रंगाची, अर्धी वाळलेली, आणि मागच्या पट्टीवर, जिथे त्यांनी काही खूण केली नव्हती, तिथे एक रेघ ओढली. ती वाकडी आली. अंगठ्याने पुसून दुसरी ओढावी म्हणून हात पुढे केला, पट्टीला धक्का लागला असावा, कारण खालून लगेच आवाज आला.

"अगं दिसतंय ना आता! हात लावू नकोस."